व्हिसा मिळाला नाही, तरी पाचपैकी चार तारे

आधीच सांगून टाकते, आमचं काम झालं नाही. भाच्याला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. तरीही पुण्यात नळ स्टॉपजवळच्या गल्लीत बसणाऱ्या या सल्लागार बाईंना मी पाचपैकी चार तारे देते आहे. त्यांच्याविषयी आधी पडलेले एक-एक ताऱ्याचे शेरे वाचले. "फी घेतात आणि वर नाही म्हणतात," असं एकाने लिहिलंय. अगदी खरं आहे. त्यांच्याकडे नेमकं तेच विकत मिळतं, आणि आम्हाला ते दुसरीकडे कुठे मिळालं नाही, म्हणून हा लांबलचक शेरा.

मी सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. व्हाउचरला बिल जुळतंय का हे बघण्यात हयात गेली, त्यामुळे तारखा आणि आकड्यांकडे माझं लक्ष जरा जास्त जातं. सांभाळून घ्या.

प्रकरण असं. ताईचा मुलगा २०२१ साली एमएस करायला अमेरिकेला गेला, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. पहिलं वर्ष बरं गेलं. मग भावजींची नोकरी गेली, बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता अडवला, आणि या शहाण्याने कुणाला काही न सांगता एका सेमिस्टरला नावच नोंदवलं नाही. विद्यापीठाला अशी गैरहजेरी सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदीत कळवावी लागते. त्यांनी ती कळवली आणि याची नोंद बंद झाली. विद्यार्थी हा दर्जा गेला. घरी पत्ता नाही. व्हिडिओ कॉलवर आपला हसतमुख. पुढे सहा-सात महिने एका पेट्रोल पंपावर रोखीत काम केलं, आणि तिथल्याच कुणीतरी त्याला 'पेपर बनवून देणाऱ्या' माणसाकडे नेलं. त्याने असायलमचा, म्हणजे आश्रयाचा, अर्ज भरून दिला. आय-५८९ हा तो फॉर्म.

हा धंदा का चालतो तेही मला आता कळलंय. असा अर्ज दाखल होऊन १५० दिवस झाले की वर्क परमिट मागता येतं, आणि १८० दिवस भरले की ते मिळू शकतं. २०१८ पासून तिथली असायलम ऑफिसं ताज्या अर्जांच्या मुलाखती आधी घेतात, त्यामुळे एकदा का अर्ज जुन्या गठ्ठ्यात गेला की वर्षानुवर्षं पडून राहतो. तोवर परमिटचं नूतनीकरण चालू. अर्ज मंजूर व्हावा अशी बनवून देणाऱ्याची इच्छाही नसते. नुसता पडून राहिला तरी त्याचं काम झालं. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा आला आणि प्रलंबित अर्जावरही दर वर्षी १०० डॉलर लागू झाले. त्या १०० डॉलरवरून ताईशी बोलता बोलता पोराच्या तोंडून सगळं बाहेर आलं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की आता गोदामातलं काम पुरे, थोडे पैसे साठलेत, उरलेले विषय पूर्ण करायचेत. तर मावशी, असायलमवरून परत स्टुडंटवर जाता येतं का ते पुण्यात विचार ना कुणाला.

विचारलं. पहिलं ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. काचेचं दार, भिंतीवर विद्यापीठांचे झेंडे, आल्या आल्या कॅपुचिनो. समोर पंचविशीतला मुलगा, टाय लावलेला. त्याने अर्ज बघायला मागितला नाही, पोराशी बोलायला मागितलं नाही. "होऊन जाईल मॅम. आपण चेंज ऑफ स्टेटस टाकू, आय-५३९. वर्स्ट केस काय, रिजेक्ट होईल." म्हणजे तिथे बसूनच दर्जा बदलून मागायचा अर्ज. अडीच लाखांचं पॅकेज, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि ऑनलाइन अर्जाची ४२० डॉलर सरकारी फी वेगळी. मी विचारलं, रिजेक्ट झालं तर नेमकं काय होतं? तो म्हणाला, "काही नाही, आहे तिथेच." पक्की पावती कधी देता विचारलं तर म्हणाला प्रोसेस संपल्यावर. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. ताई मात्र चेक काढायच्या बेतात होती. तिला कुणीतरी 'होईल' म्हणणारं हवंच होतं.

या बाईंचं नाव ऑफिसातल्या एका क्लायंटकडून कळलं. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दारावर नावाखाली एकच ओळ, 'फक्त अमेरिका'. आत एक टेबल, तीन खुर्च्या, कपाटभर फाइली. विद्यापीठांचे झेंडे नाहीत. बाई पन्नाशीच्या, बरीच वर्षं अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करून आई-वडिलांसाठी परत आलेल्या. तिथल्या एका राज्याच्या बारचा, म्हणजे वकिलांच्या संघटनेचा, परवाना अजून चालू ठेवलाय. इमिग्रेशन हा तिथे केंद्राचा कायदा, त्यामुळे कुठल्याही एका राज्याचा परवाना असला की देशभरच्या प्रकरणांना चालतो. आणि तो खरा आहे का हे त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही बघता येतं. मी बघितलं. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "छान केलंत, बाकीचे बघत नाहीत."

पहिल्या तासाचे सहा हजार रुपये, पुढे पाव तासाच्या हिशोबाने. पावती लगेच, हातात. पॅकेज नावाचा प्रकार नाही.

वेळ देण्याआधीच त्यांनी फोनवर अट घातली. आय-५८९ ची पूर्ण प्रत, सोबतच्या निवेदनासकट. आय-९४ म्हणजे अमेरिकेत शिरतानाची नोंद, जुने सगळे आय-२० म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेले दाखले, वर्क परमिटच्या दोन्ही बाजू. हे नसेल तर येऊ नका, तुमचे पैसे वाया जातील. इथे पहिला धक्का बसला. पोराकडे स्वतःच्या अर्जाची प्रतच नव्हती! सही केली त्या दिवशी त्याला फक्त शेवटचं पान दाखवलं होतं. बाई म्हणाल्या, आपल्या माहिती अधिकारासारखा तिथेही कायदा आहे, त्याखाली आपलीच फाइल मागवता येते, फक्त वेळ लागतो. शेवटी त्या पेपरवाल्याने आणखी दोनशे डॉलर उकळून पीडीएफ पाठवली.

ती मी रात्री जेवणं उरकल्यावर वाचायला घेतली. वाचल्यावर झोप लागली नाही.

निवेदनात आमचा भाचा 'कोथरूड या खेड्यातला' होता. गावच्या सरपंचाच्या माणसांनी त्याला राजकीय मतांवरून धमकावलं होतं. कोथरूडला सरपंच! आमच्या घराच्या गच्चीवरून मेट्रो दिसते. पुढे लिहिलं होतं की अलका चौकात भर दिवसा त्याला लोखंडी गजाने मारलं, पोलिसांनी तक्रार घेतली नाही, म्हणून तो चार महिने हडपसरच्या जंगलात लपून राहिला. आणि दुसऱ्या पानाच्या मधोमध एका वाक्यात दुसऱ्याच राज्यातल्या एका जिल्ह्याचं नाव तसंच राहिलेलं. म्हणजे कुणा वेगळ्या माणसाचं निवेदन, नावं बदलून आमच्या पोराच्या अंगावर चढवलेलं. मारहाणीची तारीख मी ओळखली. माझ्या मुलीच्या हळदीचा दिवस. हा त्या दिवशी कार्यालयात जिलबीचं ताट घेऊन पंक्तीत फिरत होता, ओल्या धोतराने. माझ्याकडे फोटो आहे, तारखेसकट.

मी सगळ्यावर पेन्सिलने खुणा केल्या आणि ते कागद घेऊन गेले.

बाईंनी आधी निवेदन बघितलंच नाही. शेवटची पानं काढली. या फॉर्ममध्ये अर्जदाराच्या सहीनंतर एक भाग असतो, अर्ज दुसऱ्या कुणी भरून दिला असेल तर त्याने आपलं नाव-पत्ता लिहून सही करायची. तो भाग कोरा होता. "हा माणूस कागदावर अस्तित्वातच नाही," त्या म्हणाल्या. "उद्या काही झालं तर हे सगळं तुमच्या मुलाने स्वतः लिहिलंय." ज्यांची मुलं अशा फंदात पडली असतील त्यांनी दुसरं काही न कळलं तरी एवढं एक पान उघडून बघावं.

मग त्यांनी भाच्याला व्हिडिओवर घेतलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. फी भरणारी मी, आणि बाहेर मी? जरा राग आला. जिन्यात खुर्ची टाकलेली असते, तिथे बसले. नंतर त्यांनी कारण सांगितलं. असायलम म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, परत यायला खरंच भीती आहे का, आणि ती कुणापासून. कधी कधी भीती घरच्यांपासूनच असते. ते मावशीसमोर कोण सांगणार? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातला असणं, या पाचांपैकी कशावरून खरा छळ होत असेल तर त्यांचा सल्ला पूर्ण उलटा असता. असा माणूस स्टुडंट दर्जाच्या मागे लागून असायलम मागे घेत असेल तर त्या त्याला थांबवतात. विद्यार्थी दर्जा शिकेपर्यंत टिकतो आणि संरक्षण काहीच देत नाही. असायलम मिळालं तर परत पाठवत नाहीत. मला हे पटलं. अशा खऱ्या लोकांची रांग आमच्यासारख्यांच्या अर्जांनी लांबते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, मला आपलं वाटलं.

आमच्या पोराने आत काय सांगितलं ते मी विचारलं नाही. बाईंनी मला आत बोलावलं तेव्हा तो रडून झाला होता एवढं दिसलं.

आता मुख्य प्रश्न. आत बसून असायलमवरून स्टुडंट होता येतं का? बाईंचं उत्तर, याच्या बाबतीत नाही. दर्जा बदलून मागायचा तर मागण्याच्या दिवशी हातात कुठला तरी चालू दर्जा हवा. असायलमचा अर्ज पडून आहे म्हणजे सरकार तुम्हाला निकालापर्यंत राहू देतंय, इतकंच. त्याने दर्जा मिळत नाही. "वेटिंगचं तिकीट घेऊन फलाटावर थांबता येतं, पण डब्यातली खिडकी बदलून मागता येत नाही," असं त्यांनी ताईला समजावलं, आणि ताईला ते लगेच कळलं. ज्याचा मूळ व्हिसा असायलमचा अर्ज केल्यावरही चालू आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याला निदान अर्ज तरी करता येतो. अर्थात तिथेही पेच आहेच. एफ-१ मागताना सांगावं लागतं की माझं घर परदेशात आहे आणि ते सोडायचा माझा इरादा नाही. असायलममध्ये सांगितलेलं असतं की घरी गेलो तर जीव जाईल. दोन्ही कागदांवर एकाच माणसाची सही.

मग मी त्या टायवाल्याचं 'वर्स्ट केस' काढलं. बाईंनी पहिल्यांदा चष्मा काढून ठेवला. विद्यार्थ्याला अमेरिकेत आत घेताना बाहेर पडायची तारीख देत नाहीत, आय-९४ वर डी/एस असा शेरा असतो, दर्जा पाळाल तोवर राहा. त्यामुळे दर्जा मोडला तरी बेकायदा वास्तव्याचे दिवस आपोआप मोजले जात नाहीत. इमिग्रेशन खात्याने एखाद्या अर्जाचा निकाल देताना दर्जा मोडल्याचं लेखी ठरवलं, किंवा न्यायाधीशाने हुकूम काढला, की दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. असे १८० दिवसांहून जास्त भरून देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष भरलं तर दहा. असायलम अर्ज प्रलंबित असताना एरवी मोजणी थांबते, पण ती सवलत खऱ्या, प्रामाणिक अर्जालाच, आणि त्या काळात परमिटशिवाय काम केलेलं असेल तरी ती जाते. आणि आमच्या अर्जात कोथरूडचा सरपंच! म्हणजे 'टाकून बघू' म्हणून टाकलेला तो आय-५३९ स्वतःच्या हाताने घड्याळ सुरू करणारा होता. 'आहे तिथेच' वगैरे काही नाही. त्यासाठी अडीच लाख अधिक जीएसटी.

माझ्या मते सहा हजारांपैकी पाच हजार या एका परिच्छेदाचे.

रिइनस्टेटमेंट म्हणून एक रस्ता असतो, गेलेला विद्यार्थी दर्जा परत मिळवायचा. त्यालाही पाच महिन्यांच्या आत अर्ज, दर्जा जाण्याचं कारण आपल्या हाताबाहेरचं, आणि विनापरवाना काम केलेलं नको. आमचा तीनही ठिकाणी नापास. हे दोन मिनिटांत संपलं.

दुसरा रस्ता मला नवा होता. अमेरिकेत शिकायला एफ-१ च लागतो असं नाही. असायलम प्रलंबित असलेला माणूस कॉलेजात नाव घालू शकतो, आय-२० न घेता. कामाला परमिट आहेच. फी कुठल्या दराने लावायची ते कॉलेज आणि राज्य ठरवतं. ताईचा चेहरा उजळला. बाईंनी तो उजळू दिला आणि मग शांतपणे माझ्या पेन्सिलच्या खुणा समोर ठेवल्या. या निवेदनाच्या आधारावर? मुलाखतीला बोलावतील तेव्हा शपथेवर हे खरं आहे म्हणून सांगणार? जाणूनबुजून खोटा रचलेला अर्ज असं एकदा अधिकृत ठरलं की अमेरिकेचा कुठलाही इमिग्रेशन लाभ कायमचा बंद. शिवाय दर्जा नसलेल्या माणसाचा अर्ज मंजूर झाला नाही तर तो सरळ इमिग्रेशन कोर्टाकडे जातो, देशातून काढण्याच्या प्रकरणात. वर त्या एका वर्षाच्या मुदतीची भानगड. असायलम अमेरिकेत आल्यापासून वर्षाच्या आत मागायचं असतं. दर्जा चालू असतानाच्या काळाची सूट मिळू शकते, पण दर्जा गेल्यावर वाजवी वेळात अर्ज हवा. याने पंपावर जे सहा-सात महिने घालवले त्याचा खुलासा अर्जात कुठेच नव्हता.

तिसरा रस्ता त्यांनी सांगितला तो कुणालाच आवडला नाही. खोटं पकडलं जाण्याआधी आपणहून मागे घेतलं तर त्याला थोडी किंमत असते. पकडल्यावर घेतलं तर नाही. म्हणून मुलाखतीचं बोलावणं येण्याआधी लेखी माघार, काय खोटं होतं ते स्पष्ट लिहून, तिथल्याच एका वकिलामार्फत. आणि लगोलग परत, निघाल्याचा पुरावा जपून. परवानगी न घेता देश सोडला तर असायलम अर्ज तसाही सोडून दिला असं धरतात, पण नुसतं पळून येणं आणि लिहून येणं यात पुढे व्हिसा अधिकाऱ्यासमोर फरक पडतो. मग इथून रीतसर नवा एफ-१, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये. सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात किंवा राहतो त्या देशातच अर्ज करा असं त्यांनी सांगितलंय, त्यामुळे तिसऱ्या देशात जाऊन नशीब आजमावायचा पर्यायही तसा संपलाच.

"आणि व्हिसा मिळेल?" ताईने विचारलं.

"मला वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला तर नाहीच. पण पाच वर्षांनी मागितला तर मिळू शकेल एवढी फाइल स्वच्छ राहील."

ताई जिन्यात मला म्हणाली, हे ऐकायला पैसे भरले होय? मी म्हटलं, हो.

घरात आठवडाभर अबोला होता. भाच्याने शेवटी स्वतःच ठरवलं. तिथला वकील बाईंनी सुचवला नाही. तीन प्रश्न लिहून दिले आणि म्हणाल्या, ज्याला विचाराल त्याला हे विचारा, तिन्हींची उत्तरं माझ्याशी जुळली तर त्याला घ्या. कमिशनचा संशय येऊ नये म्हणून ही पद्धत असावी. माझ्या मनात त्यांना चार तारे तिथेच पडले.

पोरगा परत आला. आल्यावर डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरताना बाईंचा अर्धा तास पुन्हा घेतला, आणि तो घ्यावाच. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पूर्वी कधी व्हिसाच्या अटी मोडल्यात का. आणखी एक, फसवणुकीने किंवा खोटं सांगून अमेरिकेचा इमिग्रेशन लाभ मिळवायचा प्रयत्न केलात का. गल्लीबोळातले फॉर्म भरणारे डोळे मिटून सगळीकडे 'नाही' टिकतात. बाईंनी दोन्हीकडे 'हो' लिहायला लावलं आणि खाली मोजून चार ओळींचा खुलासा. पोरगा घाबरला होता. "त्यांच्याकडे तुझा आय-५८९ आहे रे," त्या म्हणाल्या, "तू 'नाही' लिहिलंस तर ते आजचं नवीन खोटं होईल, आणि आजचं कुणी पेपरवाला भरत नाहीये." जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांची खाती खुली ठेवायला सांगतात, ते त्यांनी आठवणीने करून घेतलं.

सेव्हिसचे ३५० डॉलर, व्हिसाचे १८५. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत बीकेसीत दुसऱ्या दिवशी. दोन-तीन मिनिटांत संपलं. अधिकाऱ्याने विचारलं, तू लिहिलं होतंस की पुण्यात तुला मारतील, आता म्हणतोस शिकून पुण्याला परत येईन. यातलं मी काय धरू? याने सांगितलं, पहिलं खोटं होतं आणि मी ते लेखी मागे घेतलंय. अधिकाऱ्याने मान डोलावली, म्हणे, आणि २१४(बी) चा कागद दिला. म्हणजे परत येईल याची खात्री पटली नाही. फसवणुकीचं कलम लावलं नाही. ते लागलं असतं तर कायमचंच झालं असतं. २१४(बी) वर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करता येतो, आणि बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी केला तर सेव्हिसचे ३५० डॉलर पुन्हा भरावे लागत नाहीत. हेही बाईंनीच आधी सांगून ठेवलं होतं. १८५ मात्र गेले ते गेले.

भाचा सध्या हिंजवडीला नोकरीला लागलाय. पुढे काय करायचं ते त्याचं तो बघेल. ताई अजून म्हणते की काचेच्या ऑफिसवाल्याने निदान प्रयत्न तरी केला असता.

आता तक्रारी, कारण पाचवा तारा मी उगाच कापलेला नाही.

फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी, तेही 'हो' किंवा 'नाही'. पोराची मुलाखत मंगळवारी, आणि सोमवारी ताईच्या जिवाचं पाणी पाणी झालेलं असताना यांनी साधा एक फोन घेतला नाही. वकिलांची पद्धत असेल, पण समोर आई असते याची थोडी जाणीव ठेवायला हरकत नाही. बोलणं अती सडेतोड. भावजींना तोंडावर म्हणाल्या की मुलाने तुमच्यापासून लपवलं कारण तुम्ही ऐकून घेणारे नाही. खरं असलं तरी ते सहा हजारांत धरलेलं नव्हतं. खुर्च्या कडक आहेत. घड्याळ टेबलावर आपल्याकडे तोंड करून ठेवलेलं असतं, त्यामुळे शेवटची दहा मिनिटं माणूस ऐकत नाही, हिशोब करत बसतो.

आणि 'फक्त अमेरिका' म्हणजे खरोखर फक्त अमेरिका. आमच्या आधी एक जोडपं कॅनडातल्या मुलाबद्दल विचारायला आलं होतं, त्यांना दारातूनच परत पाठवलं, पैसे न घेता. तेव्हा मला ते तुसडेपणाचं वाटलं. पण देशागणिक नियम फारच उलटसुलट आहेत. कॅनडात आश्रयाचा दावा प्रलंबित असताना आत राहून स्टडी परमिट मागता येतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला आतून स्टुडंट होता येत नाही. अमेरिकेचं वर लिहिलंच. एकीकडचं ऐकून दुसरीकडे वागणाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे. तेव्हा तुमचा देश वेगळा असेल तर इथे जाऊच नका.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. गुरुवारी बंद. नळ स्टॉप मेट्रो स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. अर्जाची प्रत छापून न्या, मोबाइलवरचं त्या बघत नाहीत. खाली झेरॉक्सवाला आहे, पण तो दीड ते चार जेवायला जातो. मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल तर त्यांच्या झोपेची वेळ बघून सकाळची वेळ मागा. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, सांगून ठेवलं तर त्या स्वतः खाली झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसतात. गाडी फाटकासमोर लावू नका, तळमजल्यावरचे आजोबा हवा सोडतात.